अकरा टोप्या, अकरा टॉवेल

गोलकीपर गेल्याची बातमी खेळाच्या हितेंद्र सरांनी आणली तेव्हा मी ओसरीवर गवार मोडत बसले होते.

"अक्का, कुंदन गेला."

"कुठे गेला? सकाळी तर होस्टेलच्या नळावर दात घासू राह्यला व्हता."

"धुळ्याला. झुलाल नानांच्या कॉलेजात. तुमच्याकडून दाखला मागतोय."

माझ्या हातातली शेंग मोडायची राहिली. बोदवड रस्त्यावरचं आमचं कॉलेज माझ्या मालकांनी, पंडितआबांनी काढलं. ते गेल्यावर अध्यक्षाच्या खुर्चीत मी बसले. शिक्षण चौथी पास. सही अशी करते की प्राचार्यांना ती बघून फाईल सरळ आहे की उलटी ते कळत नाही. पण गेल्या बारा वर्षांत मला विचारल्याशिवाय त्या कॉलेजात खडूसुद्धा कोणी मोडला नव्हता. आणि आता जाळीत उभं राहणारं एक पोरगं मला सोडून चाललं होतं.

याचं मूळ धुळ्याच्या एका लग्नात होतं. तिथल्या कॉलेजचे अध्यक्ष झुलाल नाना पंगतीत माझ्या समोर बसले होते. जिलबी मोडता मोडता म्हणाले, "अक्का, तुम्हना कॉलेजना मैदानवर बठ्ठा लगीनच लागतस. खेय काही व्हस नही." पंगत हसली. खोटं ते बोलले नव्हते. आमचं मैदान लग्नाला भाड्याने जातंच, खेळ तिथे होत नाही. पण खरं बोललेलं मला आजवर सोसलेलं नाही. मी भरल्या पंगतीत सांगून टाकलं, "यंदाच्या फुटबॉलच्या स्पर्धेत माझी टीम उतरली नाही, तर मी खुर्ची सोडीन."

घरी येताना गाडीत मी सुनेला विचारलं, "दिपमाला, फुटबॉलमध्ये पोरं किती लागतात?"

"अकरा, आत्याबाई."

मला वाटलं होतं सात.

दीपनगरच्या कॉलनीत पोरं चांगला फुटबॉल खेळतात असं सरांनी सांगितलं. मी जीप काढली. सर म्हणाले, प्रवेश देताना पोरांकडून वर्षभर राहण्याची लेखी हमी घेऊ. मी म्हटलं, कागदाचं कोणाला काय पडलंय? बोलणी पक्की करायची रीत मला तुम्ही शिकवू नका. चार पोरी उजवल्या आहेत मी. प्रत्येक पोराच्या घरी गेले, पाच माणसं गोळा केली, पोराला पाटावर बसवलं. दिपमालाने कुंकू लावलं, मी नारळ हातात दिला, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल आणि तोंडात साखर. साखर खाल्ली की बोलणं पक्कं. मग माघार नाही. कुंदनची आई तर रडायलाच लागली. तिला वाटलं आम्ही पोरगी दाखवायला आलो आहोत.

खेळ मला कळत होता असं नाही. पहिल्या सरावाला मी कुंदनला झापलं होतं, "बाकीचे धावू राह्यले, तू काय उभा राहून मजा पाहू राह्यला?" तो गोलकीपर आहे हे समजल्यावर सरांना विचारलं, "एवढं मोठं दार, आन् राखायले एकच पोरगं? दोन ठेवा." सरांनी शिट्टी तोंडात घातली आणि मैदानात निघून गेले.

मग मी स्टँडवर मोठं फ्लेक्स लावलं. वर माझा फोटो, ताटाएवढा. खाली अकरा पोरं, वाटीएवढी. फ्लेक्सवाला निंबा शिडीवर चढला की मी खालून सांगायची, "कोपरा नीट दाब रे, पावसात तो निघीन."

तर कुंदन गेला. का गेला ते सरांना विचारलं.

"अंडी, अक्का. तिथल्या मेसमध्ये रोज दोन उकडलेली अंडी देतात. मी तुम्हाला जूनमध्येच बोललो होतो."

बोलले होते. मी म्हटलं होतं, माझ्या आवारात अंडं फुटणार नाही, ताकद पाहिजे तर मेथीचे लाडू खा. आणि लाडू मी स्वतः केले होते. त्यांतला एक पोरांनी चेंडूसारखा लाथाडला आणि तो फुटला नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मी दाखल्यांचं पुस्तक प्राचार्यांकडून मागवून घेतलं आणि घरी तांदळाच्या कोठीत खोल पुरलं. पुस्तकच नाही तर दाखला कुठून देणार? निंबाला सांगितलं, "जो गेला, त्याच्यावर दुसऱ्याचा फोटो चिकटव." कुंदनच्या जागी बी.ए.चा एक पोरगा लागला. तीन दिवसांनी मधल्या फळीतले दोघे गेले. मग पुढचे तिघे. निंबा रोज शिडी घेऊन येऊ लागला. स्टँडवरचे लोक एस.टी.ची वेळ विचारायच्या आधी फ्लेक्सकडे बघून विचारायचे, "आज कोण गेला?"

शेवटी शेवटी निंबाकडेही फोटो संपले. आठव्या आणि नवव्या जागेवर एकच पोरगा आला. दहाव्या जागेवर त्याने दुकानात उरलेला एका नवरदेवाचा फोटो लावला. मुंडावळ्या स्पष्ट दिसत होत्या.

"हा कोण रे?"

"जामनेरचा हाये, अक्का. लगन मोडलं त्याचं. फोटो कोनी नेलाच नाही."

अकराही पोरं गेली. पण दाखले कोठीत असताना ती गेली कशी, हे कोडं सुटेना. एके दिवशी मी तांदळात हात घातला. पुस्तक होतं. वरून अकरा पानं फाडलेली होती, अगदी पट्टी लावून, सरळ.

"दिपमाला."

"हो, आत्याबाई." ती संस्थेची सचिव आहे, एम.ए. झालेली. "मीच दिले. पोरांनी विद्यापीठात तक्रार केली असती. दाखला अडवता येत नाही. आणि तांदूळ रोज मीच काढते."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलावंच लागलं. स्पर्धा धुळ्यालाच होती, आणि नानांना चार शब्द सुनवायचे तर गाडीत सोबत कोणीतरी पाहिजे.

मैदानावर पोहोचलो तर नाना फाटकातच उभे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "अक्का, माले बोलू नका. पोरे सोताहून उनात. आनि पोरे तुम्हनाच शेतस." आपणहून आली, आणि आहेत म्हणे माझीच! तेवढ्यात अकराही पोरं नानांच्या कॉलेजच्या निळ्या कपड्यांत पळत आली आणि रांगेने माझ्या पाया पडली. कुंदनच्या गळ्यात मी दिलेला टॉवेल होता.

"लाज नाही वाटत रे तुले? माझा टॉवेल घालून?"

"चांगला निघाला अक्का. घाम लगेच पितो."

नानांनी मला पुढच्या खुर्चीत बसवलं. मी ठरवलं होतं, ही हरली पाहिजेत. वीस मिनिटं दात आवळून बसले. मग समोरचा एक उंच पोरगा चेंडू घेऊन कुंदनकडे सुटला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुंद्या, दार झाक. डावीकडे, मुडद्या." कुंदन डावीकडे पडला. चेंडू त्याच्या छातीवर. त्यानंतर मी खाली बसलेच नाही. समोरच्या टीमच्या आईबापांपासून पंचाच्या चष्म्यापर्यंत कोणाला सोडलं नाही. आम्ही एका गोलने जिंकलो. म्हणजे ते जिंकले.

बक्षिसाच्या वेळी नानांनी मला पुढे बोलावलं. पोरं म्हणाली म्हणे, अक्कांचा आवाज असला की पाय आपोआप पळतात. हातात नारळ दिला, खांद्यावर शाल घातली, तोंडात साखर. "फुडला सालबी तुम्हीच या अक्का, आठेच." पुढच्या वर्षीही इथेच यायला मी होकाराची मान हलवली.

परत येताना पारोळ्यापर्यंत मी नाना कसे पोहोचलेले आहेत ते सांगत होते. दिपमाला खिडकीतून बाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "आत्याबाई, साखर खाल्ली तुम्ही."

 

स्टँडवर आलो. निंबा शिडीवर होता. वाटीएवढ्या फोटोंशी नाही, थेट वर, ताटाएवढ्याशी. माझ्या तोंडावर दिपमालाचा चेहरा अर्धा चिकटला होता. वर माझे पांढरे केस, खाली सुनेचं हसू. त्याखाली नवी पट्टी होती: 'खेळाडूंना रोज दोन अंडी'.

"काय करू राह्यला रे निंबा?"

"सकाळी संचालकायची मिटिंग झाली, अक्का. टीम उतरली नाही तर खुर्ची सोडीन, असं तुमीच म्हणेल व्हतं ना." तो जरा घुटमळला. "आन् मले बी तुमीच सांगेल हाये. जो गेला, त्याच्यावर दुसरा."

दिपमाला गाडीतच बसून राहिली. खाली उतरायची तिची हिंमत नव्हती, की माझ्या आधी उतरायचं नव्हतं, देव जाणे. मी नारळ काखेत धरून फ्लेक्सखाली उभी राहिले. नानांची शाल खांद्यावरच होती. काढायची राहून गेली.

"निंबा," मी म्हटलं, "कोपरा नीट दाब रे. पावसात निघीन."