डेल्बर्टची पन्नास काडतुसं

वर्लिनने गॅरेजातल्या प्रेसच्या स्क्रूला हात लावला तेव्हा अर्लीन स्वयंपाकघरात उद्यासाठी लिंबाच्या वड्या कापत होती. गॅरेजात असती तर तिने तो हात वरच्यावर धरला असता.

उद्या नेमबाजी क्लबात तिच्या नवऱ्याच्या, डेल्बर्टच्या, आठवणीची फेरी होती. मागच्या हिवाळ्यात त्याने घरी भरलेल्या शेवटच्या डब्यातलं एकेक काडतूस मित्रांनी झाडायचं, असं ठरलं होतं. डब्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘पन्नास. तपासली. सगळी सारखी.’ टॉवेलची घडी अर्धा इंच चुकली तरी अडतीस वर्षं सुनावत आलेल्या माणसाचा शब्द होता तो.

त्याचा धाकटा भाऊ वर्लिन मदतीला आला होता. त्याने पिस्तुलाची नळी सुटी केली आणि डब्याच्या कडेचं, शेवटचं काडतूस तिच्यात सोडून पाहिलं. ते सहज आत बसायला हवं होतं, ते अडलं. टोकाची गोळी पुरेशी आत दाबलेली नव्हती. ती किती आत जावी हे ठरवणारा स्क्रू काडतुसं भरायच्या प्रेसच्या माथ्यावर असतो.

“काय केलंस?” अर्लीन दारातूनच म्हणाली.

“जरासा फिरवला. सरकला असणार.”

“तो त्याने लावलेला होता, वर्लिन. त्याच्या हातचं तेवढंच जागेवर राहिलं होतं. दहा महिने मी त्याच्यावरची धूळसुद्धा पुसली नाही.”

“ते दिसतंय.”

वर्लिनने ते काडतूस प्रेसमध्ये ठेवून दांडा ओढला. गोळी पार आत गेली. तसलं काडतूस झाडणं धोक्याचं, म्हणून ते बाद झालं.

“परत होता तसा कर.”

“करतो. दीड आटा होता.”

“जरासा म्हणालास.”

“जरासा दीड.”

त्याने उलटा फिरवला, तर स्क्रूबरोबर तो ज्यात बसवला होता तो अख्खा साचाच फिरला. आता मूळ जागेचा काहीच पत्ता राहिला नाही. अर्लीन खुर्चीवर बसली.

“अगं, बाकीची आहेत ना,” वर्लिन घाईघाईने म्हणाला. “एकाची लांबी मोजू, तेवढ्यावर स्क्रू लावू. सगळी सारखीच तर आहेत.”

त्याने शेवटच्या ओळीतलं एक मोजलं. खात्रीसाठी शेजारचं मोजलं. आकडा निराळा आला. त्याने लांबी मोजायचा कॅलिपर शर्टाला पुसला, मग त्याची बॅटरी बदलली, मग स्वतःचा चष्मा बदलला. आकडा निराळाच.

“दे इकडे,” अर्लीन म्हणाली.

तिने पहिल्या ओळीपासून, भरली त्या क्रमाने, मोजायला घेतलं. पहिली दहा तंतोतंत सारखी. दुसरी दहा सारखी. तिसऱ्या ओळीतलं सहावं किंचित लांब निघालं. त्यानंतरचं प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडं थोडं लांब.

वर्लिनने रिकामा दांडा एकदा खाली-वर करून पाहिला.

“स्क्रू नव्हता गं सरकला,” तो म्हणाला. “दांडा पुरता खाली आला नाही, की गोळी वर राहते.”

“खांदा थंडीने धरलाय म्हणायचा,” ती म्हणाली. “आणि गॅरेजचं दार आतून लावून घ्यायचा.” डब्यावरचं अक्षर वाचून म्हणाली, “वर लिहितो, तपासली. माझे टॉवेल मोजत होता लबाड.”

“मोजली असणार त्याने. कॅलिपर हाच होता.”

मग दोघांनी साचा घट्ट केला, पहिल्या ओळीतलं काडतूस प्रेसमध्ये ठेवलं, दांडा पूर्ण खाली घेतला आणि गोळीच्या टोकाला टेकेपर्यंत स्क्रू फिरवला. जागा सापडली.

“उरलेली दाबून टाकतो,” वर्लिन म्हणाला.

“सरक.”

तिसऱ्या ओळीतलं सहावं तिने ठेवलं. दांडा अलगद खाली आला आणि तळाशी जेमतेम अडला. डेल्बर्टचा हात इथवर पोचला होता. उरलेलं केसभर अंतर तिने दाबलं. पुढच्याला थोडं जास्त. चौथ्या ओळीत दांडा एक बोट वर राहायला लागला, शेवटच्या ओळीत दोन. वर्लिन एकेक काडतूस तिच्या हातात देत होता.

एकोणपन्नासाव्याला दांडा चार बोटं वरच अडला. अर्लीन तिथे थांबली. डेल्बर्ट जेवढा वेळ थांबला असेल, तेवढा वेळ. मग दोन्ही हात लावून तिने दांडा खाली आणला.