नळाच्या दिवशीचा मॉल

थंडावा फुकट मिळत असला, तरी तो निवडून घ्यावा लागतो. लातूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी दाराची कडी हाताला चटका देते, कूलरमध्ये ओतायला पाणी नसतं आणि कूलर नुसता घरघरत गरम वारा फेकत बसतो. अशा वेळी शहाणा माणूस मॉलात जातो. पण कुठल्या? इथंच लोक चुकतात. काहीजण तर घरातून उठतात आणि जो मॉल जवळ असेल त्यात सरळ घुसतात. अशा लोकांविषयी काही न बोललेलंच बरं.

आमच्या कॉलनीत असली बेशिस्त नाही. याचं सगळं श्रेय समोरच्या किशनरावांना. ते पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मुखेडला असताना एका विहिरीची जागा ठरवायला त्यांनी दोन वर्षं बैठका घेतल्या होत्या (विहीर झाली नाही, पण जागेबद्दल आजपर्यंत एकही तक्रार आलेली नाही). याच अनुभवाच्या जोरावर त्यांनी घरात मॉल निवड समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य म्हणून त्यांच्या पत्नी सिंधुबाई, थोरला मुलगा सुदर्शन आणि धाकटा सत्यम. मी साहेबराव, जिल्हा परिषदेतला निवृत्त वरिष्ठ लिपिक, शेजारी या नात्यानं तटस्थ निरीक्षक. बाहेरचा माणूस असल्याशिवाय कारभार पारदर्शक राहत नाही, असं किशनरावांचं मत. गाडीत पाचवी जागा रिकामी होती, हेही खरंच.

सुदर्शनची बायको पुनम समितीत नव्हती. यात अन्याय वगैरे शोधायचं कारण नाही. बैठक चालू असताना ती आत चहा करत असते. आत असलेल्या माणसाचं मत बाहेर कसं नोंदवणार?

निकष ठरवण्यात अख्खा एप्रिल गेला. सिंधुबाईंचं म्हणणं, दारातच गार वारा अंगावर आला पाहिजे आणि सरकता जिना अजिबात नको, कारण त्यात पदर अडकून बाई आत ओढली जाते, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. सुदर्शनला गाडी सावलीत लावायला हवी होती. सत्यम गेली सहा वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आहे आणि उकाड्यात तो होत नाही, म्हणून त्याला पुस्तक घेऊन बसता येईल असा सोफा हवा होता (पुस्तक दर वेळी गाडीतच राहायचं). किशनरावांची अट एकच होती, की आत गेल्यावर काही विकत घ्यावं लागू नये. मी स्वच्छतागृहाचा मुद्दा मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

आता राहिला दिवस. इथं किशनरावांच्या बुद्धीला दाद द्यावी लागेल. लातुरात नळ रोज येत नाही. आठ-दहा दिवसांतून एकदा येतो. दिवस आधी कळतो, पण त्या दिवशी केव्हा येईल, ते नळालाच ठाऊक. आला की हौद, टाकी, पिंपं, घागरी, बादल्या, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून घ्यायची. घरात पाइपांचा पसारा, मोटारीचा आवाज, अंगणात चिखल. "मग असल्या दिवशी घरी थांबून तरास कशाला काढायचा?" किशनराव म्हणाले. "मॉलला जायचा दिवस तोच!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या घरची लाईनही तीच, पण माझी पत्नी पंचशीला घरी असते. त्यामुळे निरीक्षणाच्या कामात मला कधी अडचण आली नाही.

पहिल्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी पुनम चहाचा ट्रे घेऊन आली आणि ठेवून परत जाईचना.

"मामा, मला बी एकदा न्या ना," ती सासऱ्यांना म्हणाली. "मला त्या सरकत्या जिन्यावर उभं राहायचंय. माहेरच्या, कंधारच्या माझ्या समद्या मैत्रिणी हैदराबादला जाऊन चढून आल्या. मीच एकटी राह्यले."

"येशील की!" किशनराव मोठ्या मनानं म्हणाले. "तुला न्हाई कोण म्हणलंय? नळ येऊन जाऊ दे, भरून घे, अन् ये रिक्षानं."

परवानगी अशी जागच्या जागी मिळाली. मी नोकरीत परवानग्यांसाठी जोडे झिजवलेली माणसं पाहिली आहेत, म्हणून मला याचं विशेष वाटलं.

पहिला मॉल पाहिला तो रॉयल पॅराडाईज. वारा उत्तम, सोफा मऊ. पण बसून घाम वाळतो न वाळतो तोच एक मुलगी यायची आणि विचारायची, "काका, काही मदत करू का?" तिसऱ्यांदा विचारल्यावर किशनरावांचा पारा चढला. "आम्ही काय पडलेलो हाव का?" असं म्हणून त्यांनी मॉल नापास केला.

दुसरा शिवप्पा स्मृती मॉल. मालकानं वडिलांच्या आठवणीखातर बांधलेला. दारात शिवप्पांचा हार घातलेला फोटो आहे आणि हवा इतकी गार, की त्या फोटोकडे बघून माणूस आपोआप हात जोडतो. इथं कोणी काही विचारत नाही. पण समोरच, अगदी डोळ्यांत भरेल असा, सरकता जिना. सिंधुबाईंनी पदर कमरेला खोचला, एक पाय पुढं केला आणि मागं घेतला. "मेले तरी चढायची न्हाई," त्या म्हणाल्या. हाही मॉल नापास.

दोन्ही वेळा पुनमची वाट पाहिली गेली, हे मी जबाबदारीनं सांगतो. पण नळच उशिरा यायचा. पाणी भरून, अंगण धुऊन, ओल्या साडीनं ती रिक्षा बघायला कोपऱ्यावर निघायची, तेव्हा आमची गाडी गल्लीत शिरत असायची. दुसऱ्या वेळी तर तिनं साडी बदलून, केसांत गजराही माळला होता. "जरा लवकर आवरायचं ना," सुदर्शन काच खाली करून मायेनं म्हणाला. गजरा तिनं तिथंच काढला आणि घरात जाऊन गाडीतल्या पाचजणांसाठी चहा टाकला. चहा चांगला झाला होता.

लातूरचे दोन्ही मॉल असे गेल्यावर सुदर्शननं नांदेड सुचवलं. तिथं ग्रँड गोदावरी नावाचा मॉल होता. नांदेडचं ऊन लातूरपेक्षा वरचढ, ही शंका मी मांडली. किशनरावांनी ती हिशेबानं खोडून काढली. तीन तास जाताना गाडीचा एसी, तीन तास येताना. म्हणजे मॉल कसाही निघो, सहा तासांचा गारवा खिशात. सत्यमनं बोटांवर मोजून बेरीज बरोबर असल्याचं सांगितलं (सहा वर्षांच्या अभ्यासाचा घराला झालेला हा पहिला उपयोग).

नळाच्या दिवशी दिवस उगवायच्या आत आम्ही निघालो. पुनमनं धपाट्यांचा डबा गाडीत ठेवला आणि फाटकाशी उभी राहिली.

"मामा, नळ सकाळीच आला तर?"

"तर भरून घे."

"अन् भरून झाल्यावर?"

"मग तू मोकळी," किशनराव म्हणाले. गाडीतल्या सर्वांनी हे ऐकलं.

ग्रँड गोदावरीचा एसी बंद होता. दुरुस्ती चालू आहे, दोन दिवसांनी या, असं वॉचमननं पुठ्ठ्यानं वारा घेत सांगितलं. आम्ही पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून आत बसलो आणि धपाटे खाल्ले. परतीच्या वाटेवर अहमदपूर सोडल्यावर गाडीचाही एसी बसला. काचा खाली केल्या तर भट्टीतला वारा, वर केल्या तर जीव गुदमरतो. सिंधुबाई पदरानं वारा घेत बसल्या. तरी किशनरावांनी धीर सोडला नाही. जातानाचे तीन तास वसूल झालेत, असं ते चाकूर येईपर्यंत सांगत होते.

घरी पोचलो तर दाराला कुलूप! किल्ली कोणाकडेच नव्हती. घरात कोणीतरी असतंच, तेव्हा किल्ली बाळगायचा प्रश्न या घरात कधी उद्भवलाच नव्हता. मी माझ्या घराकडे गेलो. तिथंही कुलूप. माझ्याकडेही किल्ली नव्हती.

उन्हानं तापलेल्या पायरीवर आम्ही पाचजण ओळीनं बसलो. आत हौद तुडुंब भरलेला असणार आणि बाहेर आम्ही घोटभर पाण्याला महाग. अर्ध्या तासानं रिक्षा आली. पुनम आणि पंचशीला उतरल्या. पुनमच्या ओठाच्या कडेला आइस्क्रीम लागलेलं होतं.

"कुठं होतीस?" सुदर्शन उठून उभा राहिला.

"नळ सकाळीच आला. समदं भरून ठिवलंय," पुनम म्हणाली. "मामा म्हणले होते, मग तू मोकळी. म्हणून काकूंना घिऊन शिवप्पा मॉलला गेले. जिन्यावर."

"इतका येळ? जिन्यावर?"

"हाव. आधी लई भ्याव वाटलं. काकूंनी हात धरला. वर गेलो, खाली आलो, परत वर गेलो. पाय उचलावाच लागत न्हाई ओ मामा! आपण नुसतं उभं राहायचं अन् तो जिनाच आपल्याला नेतो. असं पहिल्यांदाच झालं माझ्या जल्मात."

किशनरावांचा चेहरा पडला. सून बाहेर गेली याचं त्यांना काही नव्हतं, ते पुढारलेले आहेत. "पण तो मॉल आपण नापास केला होता ना!" ते दुखावून म्हणाले.

"मला कुठं ठाऊक," पुनम कुलूप काढत म्हणाली. "मी आत होते."

पंचशीलेला मी चार शब्द सुनावणार होतो. तिनं माझ्या हातावर किल्ली ठेवली आणि म्हणाली, "भूक लागली असंल तर पिठलं टाका. मी लई दमले." ती खरंच आनंदात होती. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी तिला दमल्यावर हसताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या नळाच्या आदल्या दिवशी पुनमनं चहा आणला नाही, निरोप आणला. "उद्या मी अन् काकू पुन्हा जाणार हाव. नळापाशी कोण थांबायचं, ते तुम्ही ठरवा."

ठरवायचं म्हटल्यावर किशनरावांना हुरूप आला. दुसऱ्या दिवशी त्या दोघी रिक्षात बसून गेल्या आणि इकडे बैठक सुरू झाली. सिंधुबाईंचे गुडघे घागरीला चालत नाहीत. सुदर्शनचा आठवड्यातला एकुलता एक सुट्टीचा दिवस. सत्यमच्या अभ्यासक्रमात पाणीपुरवठा हा विषय आहे, पण तो लेखी आहे. किशनराव अध्यक्ष, त्यांनी एका बाजूला म्हणजे नळाच्या बाजूला झुकणं बरं दिसलं नसतं. मी निरीक्षक असल्यामुळे फक्त निरीक्षण करू शकत होतो. चर्चा रंगात आली असताना अंगणात नळानं सूं करून हवा सोडली आणि पाठोपाठ पाणी आलं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. पण निर्णय झाल्याशिवाय उठायचं कोणी? तासाभरानं आवाज थांबला. समोर माझ्या अंगणातलाही थांबला. बैठक तहकूब झाली.

तेव्हापासून मॉलच्या निकषांत एका निकषाची भर पडली आहे, ती म्हणजे आत पिण्याचं पाणी हवं. त्यात शिवप्पा स्मृती मॉल एकमतानं पास झाला आणि जिन्याची अट सिंधुबाईंनी स्वतः मागं घेतली, कारण पाण्याचं मशीन वरच्या मजल्यावर आहे. त्याच दिवशी आम्ही पाचजण रिकाम्या बाटल्यांच्या पिशव्या घेऊन गेलो तेव्हा पुनम आणि पंचशीला वरच उभ्या होत्या. चारचौघांत त्यांनी आम्हाला ओळख दाखवली, हा त्यांचा मोठेपणा.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या, माझी हरकत नाही. फक्त निरीक्षक म्हणून एक विचारतो. एवढं सगळं तुम्ही निवांत बसून, मध्ये एकदाही न उठता वाचून काढलंत. मग तुमच्या घरी आत्ता नळापाशी कोण उभं आहे?