बारा चोची आणि एक टेप

"साहेब, बारा पक्षी असे गातील, की खरे पक्षी लाजून झाड सोडतील!" मिस्त्रींनी छातीवर हात मारून बागेच्या मालकाला सांगितलं. हा माणूस पंधरा वर्षं बागेतले पाळणे दुरुस्त करत आलेला. गाण्याशी त्याचा संबंध एवढाच, की पाळणा कुरकुरला की तेल घालायचं. पण मालक म्हणाला होता, पक्षी गायले तर हेड मिस्त्री, नाहीतर आहेतच पाळणे जन्मभर.

पक्षी झकास झाले. पत्र्याचे, वर पिसं चिकटवलेली. आवाज आला की चोच उघडायची, अशी आत स्प्रिंग. शीळ घालणाऱ्या एका कलावंताची टेप भरून आणली आणि लावली, तर एक चोच हलेल तर शपथ! शीळ पडली नाजूक, स्प्रिंग जागची ढिम्म!

टेपरेकॉर्डरच बिघडला असेल म्हणून मिस्त्री तो घरी घेऊन आले. स्वयंपाकघरात बसून नवी कोरी टेप घातली आणि आवाज भरायचं बटण दाबलं. बायको भांडी घासत होती.

"अहो, नळ गळतोय. तीन महिने सांगतेय! ऐकताय ना?"

"हं."

"हं काय हं? बागेतली सगळी चाकं फिरवता, घरातला नळ तेवढा जमत नाही! तुमच्या आईंना समोरचं दार दिसत नाही, पण माझ्या ताटात किती वाढलंय ते बरोबर दिसतं! आणि तो तुमचा मालक! राबायचं तुम्ही आणि ढेरी वाढतेय त्याची! अहो, ऐकताय ना?"

तेवढ्यात तिचं लक्ष फिरणाऱ्या टेपकडे गेलं. "अगं बाई! माझं बोलणं भरलंत? आधी पुसून टाका ते!"

"पुसतो गं."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की!"

दुसऱ्या दिवशी बागेत मिस्त्रींनी गंमत म्हणून ती टेप पक्ष्यांना लावून बघितली. पहिल्याच 'अहो'ला बाराही चोची फटाफट उघडल्या! मिस्त्रींना अगदी गहिवरून आलं. मग आठवडाभर त्याच आवाजावर त्यांनी स्प्रिंगा हलक्या करत आणल्या, शेवटी चोची शिळेवरही हलायला लागल्या. टेप काय, काम संपलं की पुसू!

उद्घाटनाला पहिल्या रांगेत मालक, शेजारी मिस्त्रींची आई, तिच्या शेजारी नवे कपडे घालून बायको. "आमच्या ह्यांनी केलंय सगळं," ती मागच्या बाईला वळून वळून सांगत होती. पडदा वर गेला. मिस्त्रींनी ऐटीत बटण दाबलं.

"अहो, नळ गळतोय!" बारा पक्षी एका सुरात ओरडले.

टेप बदलायची राहिली होती! मिस्त्रींचा हात बटणाकडे धावला, तोच लोक हसले. ताटाचं आलं, तेव्हा माणसं खुर्च्यांवरून घसरली. आईनं सुनेकडे नुसतं बघितलं. ढेरीचं आलं तसा मालक लालबुंद झाला. मग त्यानं मागे वळून गर्दी बघितली आणि तोही हसायला लागला.

"बंद करू नका, हेड मिस्त्री!" तो ओरडला.

हेड मिस्त्रींनी हात मागे घेतला. पहिल्या रांगेतली एक खुर्ची कधी रिकामी झाली, ते कुणाला कळलंही नाही.

त्या दिवसापासून बायको बोलेना. भांडली नाही, माहेरी गेली नाही, वेळेवर जेवायला वाढायची. पण तोंडातून अक्षर नाही! बागेत मात्र ती दिवसाला आठ खेळ बोलत होती. 'ऐकताय ना?' आलं की अख्खी गर्दी ओरडायची, "होऽऽ!"

सहा महिन्यांनी मालक म्हणाला, "लोकांना आता नवीन पाहिजे. घरी जा आणि दुसरी टेप भरून आणा!"

मिस्त्रींनी टेपरेकॉर्डर कपाटामागे लपवून चालू केला आणि ओला टॉवेल पलंगावर फेकला. तिनं उचलून वाळत घातला. चिखलाचे बूट घालून घरभर फिरले. तिनं फरशी पुसून घेतली. जेवणाकडे बघून नाक मुरडलं, तर तिनं ताट उचललं. शेवटी हरून त्यांनी नळ दुरुस्त केला. तिनं बादली भरली, नळ बंद केला आणि आत निघून गेली.

सकाळी मालकासमोर टेप लावली. टॉवेल, बूट, बादली... कपाटामागे सगळं पुसट भरलेलं, चोची गप्प. आणि एकाएकी बाराही चोची उघडल्या!

"अगं, बोल ना काहीतरी! शिव्या दे, पण बोल!"

हा रडका आवाज कुणाचा, ते मिस्त्रींना क्षणभर कळेचना.

मालक ढेरी धरून हसला. "हेच! हेच घाला शेवटी!"

घातलं. सगळ्यात मोठा हशा आता त्यालाच पडतो. घरी येऊन हेड मिस्त्रींनी बायकोला तसं सांगितलंसुद्धा.