फ्रॉकचं वय

फ्रॉक निघाला तो आईच्या ट्रंकेच्या तळाशी, शालीत गुंडाळलेला. फिकट पिवळा, पांढऱ्या बुट्ट्यांचा, पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. मंजुळाने तो उजेडात धरला. असा फ्रॉक आपण कधी घातल्याचं तिला आठवेना.

आई, म्हणजे इंदुबाई, शिमग्यात गेल्या होत्या. घरात मयत झाली की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, म्हणून पालघरहून रंभामावशी मंजुळाची बांधाबांध करायला बोईसरच्या चाळीत येऊन राहिली होती.

"आबा, हा कुणाचा?"

खंडेराव डबा घेऊन पहिल्या पाळीला निघाले होते. फ्रॉक बघून त्यांचा चेहरा उतरला. "जुना हाय. ठेव तसाच," म्हणाले आणि डाव्या पायात उजवी चप्पल घालून चालते झाले.

मंजुळा रसायनशास्त्राची बी.एस्सी. रंगाच्या कारखान्यात ती नमुने तपासायची. 'जुना' हे तिच्या लेखी उत्तर नव्हतं. किती जुना? शिवणीच्या आतल्या कडेचा एक धागा ओढून तिने स्टोव्हवर धरला. धाग्याची राख झाली नाही. तो वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. नायलॉन. मग ती फ्रॉक घेऊन बाजारात पुंजाराम कापडवाल्याकडे गेली.

"ताई, हा माल एकसष्ट-बासष्टचा," त्याने कापड चुरगाळून सांगितलं. "तेव्हा बायका याच्यासाठी भांडायच्या. आता ही बुट्टी दाखवायलासुद्धा मिळणार नाही."

परतीच्या वाटेवर मंजुळाने वजाबाकी केली. तिचा जन्म त्रेसष्टचा, आईआबांचं लग्न एकसष्टचं. बासष्ट साली जी मुलगी पाच वर्षांची होती, ती या लग्नाची असणं शक्यच नव्हतं.

घरी नवापूरची पारू मासळीची पाटी उतरवून बसली होती आणि बोंबील आजचेच असल्याचं मावशीला शपथेवर सांगत होती. तिने हात पुसून फ्रॉक उलटा केला.

"आतून तीन दुमडी घातल्यान बघ. वाढत्या अंगाचा शिवलाय."

"मग?"

"मग काय! एक पन उसवली नाय. पोर वाढलीच नाय, बाय."

मंजुळा फ्रॉक मांडीवर घेऊन बसली. आई आपल्यापासून काही लपवत नाही, असं ती आजवर धरून चालली होती. आता विचारायला आई नव्हती, आणि जिच्यासाठी सहा महिने रडलो ती बाई आपल्याला ठाऊक तरी होती का, हाच प्रश्न उभा राहिला. खात्री करायला तिने ब्लेड घेऊन तिन्ही दुमडी उसवल्या. ऊन न लागलेला आतला भाग गडद निघायला हवा होता, पण तोही बाहेरच्याइतकाच फिका होता. हे गणित काही बसेना. पण तोवर पुंजारामने सांगितलेलं साल ऐकून मावशीने गळा काढला होता.

"माझ्या भणीला फशिवलं गं! पहिली बायकू लपवली मेल्यानं!"

पारूने बोंबलांबरोबर ही बातमीही दारोदार पोचवली. दुपारी खंडेराव परतले तेव्हा खोलीत चाळीतल्या बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. कुणीतरी चहासुद्धा आणला होता.

"कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"तुमची थोरली!" मावशी गरजली.

"कसली थोरली?"

"पोरगी! पहिल्या बायकूची! लाज न्हाई वाटली, दाजी?"

"अवं, तुमची भण मिळवायला तीन तालुकं पालथं घातलं म्या. पहिली कुठनं आणू?"

मग त्यांना मंजुळाच्या मांडीवरचा फ्रॉक दिसला. "उसवलास व्हय गं?"

"आबा, खरं सांगा. हे कापड माझ्या जन्माआधीचं आहे."

"कापड आसंल. तुझ्या आईची साडी हाय ती, लग्नानंतरची पहिली. नेसून नेसून इटली, रंग पार उडाला. फ्रॉक गेल्या दिवाळीत शिवला तिनं. दवाखान्यातनं आल्यावर."

"कुणासाठी?"

खंडेरावांनी टोपी काढून हातात घेतली. "तुझ्या पोरीसाठी. पोर झाल्याबिगर दिऊ नका, बोलू बी नका, म्हनली हुती."

बायकांनी कपबश्या आवाज न करता खाली ठेवल्या. एकेक उठून गेली.

"आणि दुमडी?" मंजुळाने विचारलं.

"म्या बी इचारलं. तर म्हनली, नात उंच निघाली तर? आपली मंजी शिकली खूप, पर तिला शिवता येत न्हाई. उसवता तरी यील."

मग मंजुळाने दुमडी परत घालायला सुईदोरा मागितला.

"आण हिकडं, मी घालते," मावशी नाक पुसत म्हणाली.

"नको."

पहिला टाका तिरका पडला, दुसरा त्याहून तिरका.

"उसव आन् परत घाल," मावशी म्हणाली.

मंजुळाने नकारार्थी मान हलवली आणि तिसरा टाका घातला.