पाच किलो गहू

शुक्रवारी सकाळी साडेआठ वाजता कप्तान स्तामातिसने रीतसर देश सोडला, आणि पुढचे पाच तास तो स्वतःच्या घरासमोरून हलू शकला नाही.

देश सोडला म्हणजे बंदरातल्या पोलीस चौकीत जाऊन होडीच्या कागदावर 'बंदर सोडले' असा शिक्का मारून घेतला. ग्रीसच्या कास्तेलोरिझो बेटावरून समोरच्या तुर्की किनाऱ्यावरच्या काश गावातले दिवे मोजता येतात, पण शिक्का लागतोच. शुक्रवारी काशचा बाजार असतो. अर्धं बेट भाजी आणायला तिकडे जातं. स्तामातिसला भाजी नको होती. त्याला पाच किलो गहू हवे होते, आणि तेही दुपारी वारा सुटायच्या आत.

रविवारी त्याच्या बायकोला, एव्दोकियाला, जाऊन वर्ष होत होतं. वर्षाच्या प्रार्थनेला कोलिवा लागतो. गहू शिजवायचे, रात्रभर चादरीवर पसरून कोरडे करायचे, मग बदाम, मनुका, साखर घालून चर्चमध्ये न्यायचे आणि गावाला मूठ मूठ वाटायचे. एव्दोकियाने दवाखान्यात त्याचा हात धरून दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. "गहू काशच्या बाजारातलेच आण. आणि थोरलीला चुलीजवळ येऊ देऊ नकोस."

थोरली म्हणजे तिची मोठी बहीण काल्योपी. आईच्या वर्षाला काल्योपीने गहू इतके शिजवले होते, की पाद्रीबाबा कोलिवा पेल्यातून प्यायले होते. या गोष्टीला बावीस वर्षं झाली, पण बेट लहान असल्यामुळे कोणी विसरलं नव्हतं.

आता ऱ्होडसहून येणारी बोट वाऱ्यामुळे दोनदा रद्द झाली होती. बेटावरच्या दुकानात गव्हाचा दाणा नव्हता. होते ते काल्योपीकडे, दोन किलो. तिने काल संध्याकाळीच सांगून टाकलं होतं, "उद्या दुपारपर्यंत तुझे गहू आले नाहीत, तर मी माझे चढवणार. माझी बहीण आहे ती. कोलिव्याशिवाय राहणार नाही."

म्हणून स्तामातिस घाईत होता. तसा तो रागावलेलाही होता, पण त्यात नवीन काही नव्हतं.

अडतीस उन्हाळे त्याने आणि एव्दोकियाने पाहुण्यांना होडीत घालून या बेटावरून त्या बेटावर आणि तिथून तुर्की किनाऱ्यावर फिरवलं होतं. होडीवर सुकाणू आणि ओरडणं ही दोन खाती त्याच्याकडे होती. नांगर, कागद, पाहुणे, तुर्की भाषा आणि त्याच्या ओरडण्याबद्दल लोकांची माफी मागणं, ही बाकीची तिच्याकडे. संध्याकाळी बंदरात शिरलं की ती पुढच्या टोकाला उभी राहायची, त्यांच्या घराच्या निळ्या दाराच्या अगदी समोर आलं की नांगर सोडायची आणि ओरडायची, "पडला!" मग तो होडी सरळ मागे घेत दारासमोरच्या धक्क्याला लावायचा. एवढंच त्याला माहीत होतं: निळं दार, नांगर, मागे.

त्या सकाळी तो होडीच्या पुढच्या टोकाला गेला आणि नांगराची साखळी ओढायचा रहाट फिरवायला लागला. पंधरा हात साखळी आली. मग रहाट कुरकुरला. आणखी चार हात आली आणि पाण्यातून त्याच्या साखळीवर पसरून एक दुसरीच साखळी वर आली. नवी, चकचकीत.

स्तामातिसने डावीकडे पाहिलं. शेजारी एक पांढरी यॉट होती. तिच्यावर अथेन्सचा एक दातांचा डॉक्टर, अर्गिरिस नावाचा, पांढरी टोपी घालून टोस्ट खात होता. यॉट आठवड्याच्या भाड्याची होती. टोपी त्याची स्वतःची होती.

"ए दातवाल्या! तुझी साखळी माझ्या साखळीवर आहे!"

"कालीमेरा, आजोबा! काही मदत हवी का?"

आजोबा म्हटल्यावर स्तामातिसच्या कानशिलाची शीर उडायला लागली. "मदत कसली? उचल तुझा नांगर! नांगर टाकायची अक्कल नाही, तर अथेन्सला बाथटबमध्ये जाऊन बस!"

"एक मिनिट, बटणावर आहे," डॉक्टर म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. यॉटचा नांगर घरघर करत वर यायला लागला, आणि येताना तिसरी साखळी घेऊन आला. जाड, गंजकी. ती हिक्मतच्या गलबताची होती.

हिक्मत काशचा. त्याचं गलबत काल दुपारी तिकडून पाहुणे घेऊन आलं होतं. स्तामातिसला तो तीस वर्षं ओळखत होता. गलबत जागेवरून सरकल्यावर तो हातातला चहा घेऊनच पुढे आला.

"कप्तान, थांब. ऐक जरा. माझ्याकडे तुझ्यासाठी—"

"तुझ्याकडे काय आहे ते दिसतंय मला! माझ्या बोकांडी बसलेला नांगर आहे! तीस वर्षं येतोयस, अजून बंदर कुठे आहे ते कळलं नाही?"

हिक्मतने चहाचा घोट घेतला.

डॉक्टरने घाबरून बटण उलटं दाबलं. साखळी सुटली, यॉट मागे गेली आणि तिचं बूड धक्क्यावरच्या खाणावळीच्या टेबलावर आदळलं. दोन कॉफ्या, एक बशी, डॉक्टरचा टोस्ट आणि एका जर्मन बाईची चप्पल पाण्यात गेली. टोस्ट खायला खालून बंदरातलं जुनं कासव वर आलं. त्याला सगळं पसंत होतं.

"आता मी तुला दाखवतोच," म्हणून स्तामातिसने धक्क्यावर टाकलेल्या फळीवर पाय ठेवला.

"कप्तान, पाय मागे घ्या."

चौकीतली अंथी धक्क्यावर उभी होती. चोवीस वर्षांची, इस्त्रीचा गणवेश, मे महिन्यात बदली होऊन आलेली.

"का? काय झालं?"

"तुम्ही देशाबाहेर आहात. मी साडेआठला शिक्का मारलाय."

"अगं पोरी, माझं दार हे बघ! दहा पावलांवर!"

"तुमचं दार ग्रीसमध्ये आहे. तुम्ही नाही."

"मग आत यायचा शिक्का मार."

"तो बाहेरून आलेल्याला मिळतो. तुम्ही अजून गेलाच नाहीत."

स्तामातिसने पाय मागे घेतला आणि त्याऐवजी डॉक्टरवर ओरडला.

दहा वाजेपर्यंत पाच होड्या अडकल्या होत्या. ज्याने त्याने आपला नांगर उचलून बघितला होता, आणि ज्याने त्याने गाठ आणखी घट्ट केली होती. काल्योपी खुर्ची घेऊन धक्क्यावर येऊन बसली. तिने वल्ह्याच्या टोकावर ठेवून कॉफी होडीत पाठवली.

"घे. परदेशात चांगली कॉफी मिळत नाही म्हणतात."

"गहू भिजवलेस का तू?"

"भिजवले."

"ओत ते!"

"आधी तुझे दाखव."

स्तामातिसने कॉफी एका घोटात संपवली. भाजलेल्या तोंडाने तो साऱ्या बंदराला ऐकू जाईल असा बोलला, "अडतीस वर्षं माझा नांगर निळ्या दारासमोर पडतोय! परवाही तिथेच टाकला! दार डोळ्यांनी बघून टाकला! तुम्ही लोक काल आलात आणि वाटेल तिथे लोखंड टाकलंत! उन्हाळा आला की ज्याला पोहता येत नाही तोसुद्धा टोपी घालून कप्तान होतो!"

डॉक्टरने टोपी काढून ठेवली.

"कप्तान," हिक्मत परत म्हणाला, "भांडण नंतर कर. आधी माझं एक ऐक. एव्दोकियाने—"

"तिचं नाव घेऊ नकोस! तुझ्या या गंजक्या साखळीमुळे तिचं काम अडलंय!"

आता हिक्मतचाही चेहरा लाल व्हायला लागला होता.

पाणबुड्या फोतिस अकरा वाजता आला. आधी का आला नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, की जेवून पाण्यात जाता येत नाही म्हणून जेवण पचायची वाट बघत होतो. जेवण का केलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, की बोलावणं येईल असं माहीत नव्हतं. मग तो खाली गेला.

वर येऊन म्हणाला, "डॉक्टरची साखळी सरळ आहे."

"शक्यच नाही!" स्तामातिस ओरडला. "परत जा!"

तो परत गेला. वर आला. "हिक्मतची पण सरळ आहे. बाकी दोघांचीही. टेबलाच्या पायांसारख्या, सगळ्या सरळ."

"मग गुंता कसा झाला? कासवाने केला?"

"एक नांगर सगळ्यांच्या खालून आडवा गेलाय," फोतिस म्हणाला. "तिरका. पार त्या बाजूला पडलाय. ज्याने टाकला त्याच्यामुळे सगळे अडकलेत."

"बघा!" स्तामातिसने दोन्ही हात वर केले. "बघा! सकाळपासून मी काय सांगतोय! कोण आहे तो गाढव? सांग, कुणाचा आहे?"

"नाव नाही लिहिलेलं. जुना आहे. दांड्यावर निळा रंग आहे, बराचसा उडालाय."

सगळ्या बंदराने स्तामातिसकडे पाहिलं. कासव तेवढं टोस्ट चावत होतं.

नांगर रंगवणारं घर बेटावर एकच होतं. दर वर्षी ईस्टरच्या आधी एव्दोकिया दार रंगवायची, आणि डब्यात उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून नांगराच्या दांड्याला लावायची. स्तामातिस दर वर्षी तिला हसायचा. माशांना दाखवायला रंगवतेस का, म्हणायचा.

त्याने मान वर करून स्वतःच्या दाराकडे पाहिलं. यंदा ईस्टरला दार कोणी रंगवलं नव्हतं. उन्हाने रंग खाल्ला होता, लाकूड राखेसारखं दिसत होतं. वर्षभर तो त्या दारातून आत-बाहेर करत होता, आणि त्याने ते पाहिलं नव्हतं. मग त्याने डावीकडे पाहिलं. चाळीस पावलांवर काल्योपीचं दार होतं. जन्मभर तपकिरी असलेलं ते दार उन्हात निळंशार चमकत होतं.

ती गेल्यापासून बुधवारी पहिल्यांदाच त्याने होडी बाहेर काढली होती, आणि संध्याकाळी सुकाणू सोडून पुढे धावताना त्याला निळं दार दिसलं होतं. तो त्याच्या समोर नांगर टाकून होडी आपल्या धक्क्याला घेऊन आला होता. तिरकी, सगळ्या बंदराला आडवी.

"तुझं दार निळं कधीपासून?" त्याने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"ईस्टरपासून," काल्योपी म्हणाली. "तिनेच आणून ठेवलेला डबा होता. तुमच्या दारासाठी. मी चार दिवस तुझं दार वाजवलं. तू आतून शिव्या दिल्यास. रंग वाळून चालला होता, म्हणून माझं रंगवलं. तिचा शेवटचा डबा फेकून देऊ?"

माफी मागायचं खातं वर्षभर रिकामं पडलं होतं, हे स्तामातिसच्या तेव्हा लक्षात आलं. त्याला ते काम येत नव्हतं. तो होडीच्या मधोमध उभा राहिला आणि जो एकच आवाज त्याला येत होता त्या आवाजात ओरडला, "चूक माझी आहे! ऐकू आलं का सगळ्यांना? माझी! ए दातवाल्या, तुझा नांगर सरळ होता! टोपी घाल ती!"

डॉक्टरने घाईघाईने टोपी घातली.

गाठ सुटायला दीड वाजला. तोवर वारा सुटला होता. बंदराच्या तोंडाबाहेर समुद्र पांढरा झाला होता, आणि हा वारा आता सोमवारपर्यंत थांबणार नाही, हे स्तामातिसला कोणी सांगायची गरज नव्हती. तो दोरांच्या ढिगावर बसला. दोन गोष्टी सांगितल्या होत्या तिने. दोनच. काल्योपीही खुर्चीवरून उठली नाही. गहू चढवते, असंही म्हणाली नाही.

धप् करून त्याच्या पायाशी एक पोतं पडलं.

"पाच किलो," हिक्मत शेजारच्या गलबतावरून म्हणाला. आता तोही ओरडत होता. "काशच्या बाजारातले! सकाळपासून दोन वेळा सांगायला तोंड उघडलं! काल रात्री तुझ्या दारावर थाप मारली, तर तू आतून म्हणालास, 'तिकडेच मर!'"

"मला वाटलं काल्योपी आहे."

"मला वाटलं म्हणजे?" काल्योपी धक्क्यावरून म्हणाली.

"पण तुला कोणी सांगितलं गव्हाचं?" स्तामातिसने हिक्मतला विचारलं.

"एव्दोकियाने. मागच्या उन्हाळ्यात. म्हणाली, वर्षाच्या आधी गहू पोचव. तो स्वतः निघेल, पण पोचणार नाही."

स्तामातिसने पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर गहू हातात घेतले आणि बराच वेळ त्यांत खडे शोधत बसला. खडे नव्हते. मग पोतं खांद्यावर टाकून तो फळीवर आला. समोर अंथी वही घेऊन उभी होती.

"कुठून आलात?"

"इथूनच."

"मग शिक्का देता येत नाही." तिने पेनाने पोत्याकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

"गहू."

"कुठले?"

"काशचे."

"म्हणजे बाहेरून आलात," अंथीने शिक्का मारला. "या."

तो धक्क्यावर उतरला. काल्योपीने पोत्याला हात घातला. त्याने तो झटकला.

"डब्यात रंग उरलाय का?"

"अर्धा आहे."

"मग माझं दार तू रंगव. ते तुला जमतं." तो राखी दार ढकलून आत जाता जाता परत ओरडला, "आणि चुलीजवळ पाऊल टाकलंस ना, तर बघ!"