चौऱ्याण्णव खणांचं आवतण

कीबोर्डवर अक्षरं उमटवणाऱ्या कळा सत्तेचाळीस. शिफ्ट दाबून आणखी सत्तेचाळीस. एकूण चौऱ्याण्णव. दिग्रसला जयामावशीच्या छपाईच्या दुकानात नवा प्रिंटर आला आणि त्यातल्या एकसष्ट जागी भलतंच अक्षर छापून येऊ लागलं. मावशीचा जुना मराठी फॉन्ट प्रिंटरच्या फॉन्टशी जुळेना.

त्यात जवळच्या खेड्यातल्या डोमाजीकाकांची निमंत्रणं अडली. त्यांचा बैल पाखऱ्या विहिरीत पडला, तेव्हा अख्ख्या गावानं दोर लावून त्याला वर काढलं होतं. त्या उपकाराखातर काका उद्या जेवण देणार होते.

"बैल वाचला, आता माही इज्जत वाचवा," काका सकाळीच बजावून गेले होते.

मावशीचा भाचा अश्वजित नुकताच बीएस्सी झालेला. कोणती कळ काय छापते ते तपासायला त्यानं चौऱ्याण्णव खणांचा तक्ता आखला. प्रत्येक खणात डावीकडे कळीचं नाव, उजवीकडे तिचं उमटणारं अक्षर. तो छापायला टाकून अश्वजित चहाला गेला आणि मित्रांत दोन तास रमला. प्रतींचा आकडा मात्र निमंत्रणांचाच राहिला होता, शंभर. कागदही तोच, पिवळा.

परतला तर ट्रे रिकामा.

"मावशी, तक्ता कुठाय?"

"कोनता तक्ता? काका आल्ते. निमंत्रणं झाल्ती, देऊन टाकली."

"पाह्यली नाही काय?"

"माहा चष्मा घरी हाय. अन् काकानं तं थैलीत कोंबली अन् एसटी धरली!"

अश्वजित मोटारसायकलनं गावात पोचेपर्यंत काकांनी हळदीचं बोट लावून घरोघरी कागद वाटलेही होते. पहिलं दार इंदुताईंचं.

"ताई, तो पिवळा कागद वापस द्या. चुकून आला."

इंदुताईंचा चेहरा उतरला. "चुकून? दोराले माह्या तिन्ही पोरायचे हात होते, बापू. आता जेवाले नको काय आमी?"

"तसं नाही! कागद वाचला ना तुम्ही?"

"वाचाचं काय त्यात? काका तोंडानं सांगून गेले. उद्या दुपारी."

दिलेलं आवतण परत मागितलं की त्याचा अर्थ काय होतो, हे अश्वजितच्या अभ्यासक्रमात नव्हतं. घाबरून तो म्हणाला, "या ना ताई! सारे या! चूल पेटवूच नका घरी!"

डोमाजीचा माणूस आवतणं परत घेत फिरतोय, ही बातमी त्याच्यापुढे धावली. दारोदारी लोक कागद पाठीमागे लपवून उभे. प्रत्येक रुसवा काढायला अश्वजितनं हात जोडले, तेच वाक्य म्हटलं. पुंडलिकरावांना तर कागद मिळालाच नव्हता.

"आमाले दिलंच नाही, तं वापस काय मांगतं बे?"

त्यांनाही बोलावणं झालं.

चौकात काकांनी त्याला गाठलं. "लेका, मी घरटी एक मानूस सांगतला, अन् तू साऱ्या गावाले चूलबंद आवतन देऊन आला?"

अश्वजित मान खाली घालून उभा राहिला. काकांनी रिकामी थैली खांद्यावर टाकली. मग म्हणाले, "बराबर केलं. दोर ओढला, तवा मी तरी कुठं घरटी एकच मोजला होता? चाल, तांदूळ आनू."

दुसऱ्या दिवशी पिवळे कागद परत आले शून्य. पत्रावळी उठल्या चारशे अकरा. पाखऱ्याची धरून चारशे बारा.