समुद्राकाठचं कालवण

"कालवण बरं झालंय," देवजी म्हणाला.

गुणाबाईने हातातला पळा खाली ठेवला. पुढचं वाक्य यायचं होतं, आणि ते तिला चौदा वर्षांपासून पाठ होतं.

"पन धोंडीबाईची चव नाय."

लग्नाआधी देवजी पाच हिवाळे उरणकडच्या मिठागरावर कामाला गेला होता. भात झोडून झालं की वैशाखरे या त्यांच्या डोंगरातल्या गावची दहाबारा माणसं निघायची आणि पावसाच्या आत घरी परतायची. तिथे समुद्राकाठच्या रस्त्याला धोंडीबाई नावाच्या कोळणीची खानावळ होती. खानावळ कसली, चार बांबूंवर झावळ्यांचं छप्पर, मागे एक खोपटं, त्यात चूल आणि पुढे जुन्या होडीच्या फळ्यांचा बाक. पण देवजी त्या बाकाचं वर्णन करू लागला की ऐकणाऱ्याला आपण राजवाड्यात शिरतोय असं वाटे.

"समोर दर्या. वारा असा भन्नाट! आपुन नुसतं बसायचं. हातावर पानी दुसरा घालनार. बसल्या जागी ताट येनार, बोंबील तव्यावरनं सरळ ताटात. आन कुनी इचारनार नाय, कवा आलास, कवा उठनार!"

हे ऐकलं नाही असा माणूस वैशाखऱ्यात उरला नव्हता. काही जणांनी तर देवजीच्या दारावरून जायची वाट बदलली होती. गुणाबाईला ती सोय नव्हती.

तिचं दुखणं मात्र चवीचं नव्हतंच. चौदा वर्षांत तिने दुसऱ्याने रांधलेलं, दुसऱ्याने वाढलेलं ऊन जेवण एकदाही बसून खाल्लं नव्हतं. आई लहानपणीच गेल्यामुळे माहेर असं राहिलं नव्हतं. गावात लग्न निघालं की बाकीच्या बायका पंगतीला बसत आणि हिला चुलीपुढे बसवत, कारण तिच्या हाताला चव होती. सगळं गाव तसं म्हणे, एक नवरा सोडून.

एकोणीसशे बासष्टच्या आषाढातला हा दिवस होता. लावणी आदल्याच दिवशी उरकली होती आणि गुणाबाईची कंबर अजून सरळ व्हायला तयार नव्हती.

"मंग न्या मला," ती म्हणाली.

"कुठं?"

"धोंडीबाईकडं. बसते त्या बाकावर, खाते तुमचा बोंबील. चव पटली तर जल्मात उलटून बोलनार नाय. पन नाय पटली, तर हे नाव ह्या घरात पुना घ्यायचं नाय."

देवजी एवढा हरखला की दोन घास जास्त जेवला. शेजारचा वाळू पान खायला आला होता, त्याने तेवढी शंका काढली. "पावसाचं दर्यावर जातोस? मासा गावंल ना?"

"अरे, मासा पावसातच ना?" देवजी म्हणाला. "आपल्या वढ्याला वीतभर पानी चढलं तर बांधावर मासं उड्या मारतात. दर्याला किती पानी चढलं आसंल, तूच सांग!"

वाळूला ते पटलं. डोंगरातल्या कुणालाही पटलं असतं. तिथे मासा येतो तो पावसाबरोबर आणि जातो तो पाण्याबरोबर. देवजीने पाच हिवाळे समुद्र पाहिला होता, पावसाळा एकही पाहिला नव्हता, ही गोष्ट त्याच्याही ध्यानात आली नाही. त्यातून आठ दिवसांवर श्रावण आला होता. श्रावणात मासे बंद, मग गणपती, मग कापणी. जायचं तर आत्ताच जायला हवं होतं.

"आन रिकाम्या हातानं नाय हां जायचं," देवजीने बजावलं. "पाच वरसं जेवलोय मी तिच्याकडं."

म्हणजे गुणाबाईला काम लागलं. ती संध्याकाळभर बांध धुंडाळत हिंडली आणि तीसेक खेकडे घेऊन आली. टोपलीत ओला पाला घातला, वर जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. सवयीने आपल्या मसाल्याची पुडीही कमरेला खोचली.

"मसाला कशाला? तिच्याकडं नसंल व्हय?" देवजी हसला.

पहाटे टोकावड्यापर्यंत चालत, तिथून मुरबाड, मुरबाडहून कल्याण, कल्याणहून पनवेल आणि पनवेलहून चौथी एस.टी. तीन गाड्यांत टोपली गुणाबाईच्या मांडीवर होती. चौथ्या गाडीत तिचा डोळा लागला आणि देवजीने मोठ्या मायेने टोपली तिच्या मांडीवरून काढून बाकाखाली सरकवली. आयुष्यात बायकोसाठी त्याने जी थोडी कामं केली त्यातलं हे एक होतं. सरकवताना फडक्याची गाठ बाकाच्या खिळ्यात अडकून सुटली.

पुढच्या बाकावरच्या धोतरवाल्या गृहस्थांना आधी पायाला काहीतरी लागलं. त्यांनी पाय वर घेतला. मग दुसरा वर घेतला. मग ते सगळेच्या सगळे बाकावर उभे राहिले.

"साप! साप!"

"साप कसला, खेकडं हायत!" देवजी ओरडला. "आमचंच हायत, भिऊ नका!"

यानंतर कुणी भ्यायचं थांबलं असं नाही. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. भर पावसात सगळी माणसं खाली उतरली आणि गाडीत एकटी गुणाबाई राहिली, बाकांखाली ओणवी. पंधरा दिवस चिखलात ओणवं राहून बाई जरा बसायला म्हणून निघाली होती. आता ती एस.टी.त ओणवी होती.

"बाई, आटपा! अर्धा तास गेला!" असं म्हणत कंडक्टरने मदतीला हात घातला आणि एका नर खेकड्याने त्याचा अंगठा धरला. तो सोडवायला आणखी थोडा वेळ गेला. बहुतेक खेकडे सापडले. दोघंतिघं मात्र त्या गाडीतच राहिले आणि पुढे कुठवर प्रवास करत राहिले ते कळायला मार्ग नाही.

दुपारी ती दोघं समुद्राकाठी उतरली. गाडी पुढे शेवटच्या थांब्यावर जाऊन तिथूनच परत फिरायची होती. देवजी पुढे धावला आणि थबकला.

समुद्र होता, पण गढूळ, आणि नुसता अंगावर येत होता. वाळूवर होड्या उलट्या घालून झावळ्यांनी शाकारून ठेवल्या होत्या. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. खानावळीच्या दोन्ही बाजूंना पावसासाठी तट्टे बांधले होते. आत साठीची एक कोळीण जाळं शिवत बसली होती.

"धोंडीबाय! जेवायला आलोय!"

धोंडीबाईने दोघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पावसाचं? आरं बाबा, दर्या बंद हाय. होड्या वर वढल्यान. नारली पुनवंला नारल पडंल, मंग होड्या उतरतील. तवर मासा कुठचा?"

"पन आमच्याकडं तर पावसातच..."

"तुमच्याकडं वढा आसंल. ह्यो दर्या हाय."

 देवजीने शेवटचा हुकमाचा पत्ता काढला. "मी देवजी. वैशाखऱ्याचा. वळखलं नाय? पाच वरसं जेवलो हितं."

"मिठागराची शंभर मानसं जेवायची रं. त्यात देवजी धा तरी आसतील."

गुणाबाई बाकाकडे बघत होती. फळ्या ओल्या होत्या, पण बाक होता तसाच होता, देवजीने सांगितला होता तसा. तिला त्या क्षणी बोंबील नको होता, पापलेट नको होतं. फक्त कुणीतरी बस म्हणावं, एवढंच हवं होतं. ते कुणी म्हणायच्या आत रिकामी एस.टी. परत आली आणि दारात उभी राहिली.

ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघंही भिजून चिंब झाले होते. कंडक्टरच्या अंगठ्याला चिंधी होती. तो आत शिरला आणि त्याची नजर टोपलीवर गेली.

"हीच ती! मावशी, आज जेवायला काय?"

"सुकं बोंबील आन भात."

"ते रोजचंच. आज मला ही टोपली पायजे. माझा अंगठा फोडलाय हिनं. गाडीला लेट कशानं झाला विचारलं तर डेपोत काय सांगू? निदान खाऊन तरी जातो."

देवजीचा चेहरा उजळला. "करा, करा! धोंडीबायच्या हातचं खेकड्याचं कालवन! भेट म्हनूनच आनलीय." आणि तो बाकावर जाऊन बसला. ड्रायव्हर बसला, कंडक्टर बसला. बाक भरला.

खोपटात धोंडीबाई गुणाबाईच्या कानाशी लागली. "गो बाय, मला दर्याचं कलतं. ह्ये शेतातलं मी केलं तर चिखलाचा वास मारंल. तूच कर गो."

गुणाबाईने एकदा बाहेर पाहिलं आणि पदर खोचला. तिला रडू आलं. पण चुलीतली लाकडं ओली होती, धूर फार होता, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही. तिने खेकडे धुतले, नांग्या काढल्या, बारीक पाय पाट्यावर वाटून त्यांचं पाणी गाळून घेतलं, धोंडीबाईने दिलेलं खोबरं वाटून लावलं आणि कमरेची मसाल्याची पुडी सोडली. खोपटातून असा काही वास बाहेर गेला की ड्रायव्हरने विडी विझवली.

धोंडीबाईने ताटं बाहेर नेली. देवजीने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"हीच! हीच ती चव! चौदा वरसं झाली, पन हात त्योच!" मग त्याने आत हाक मारली, "गुणा, बघतेस ना? खेकडं आपलंच हायत, पन हात बघ! तू चौदा वरसं ह्येच खेकडं उकळतेस. आलीच हायस तर जरा शिकून घे!"

धोंडीबाई ताडकन वळली. ती काही बोलणार तेवढ्यात दाराशी उभ्या गुणाबाईने मान हलवली. सांगून उपयोग नव्हता. सांगितलं असतं तर वाद झाला असता, आणि वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

कंडक्टरने तीनदा कालवण मागून घेतलं. तिघं उठले तेव्हा भांड्यात पळीभरही उरलं नव्हतं. ते गाडीकडे गेले आणि धोंडीबाईने गुणाबाईच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"बाहेर बस."

"भांडी घासते की. गाडी सुटंल."

"बस म्हनते ना!"

गुणाबाई बाकावर बसली. धोंडीबाईने तिच्या हातावर पाणी घातलं. ताट आणलं. ऊन भात, आमसुलाचं सार आणि निखाऱ्यावर भाजलेले दोन सुके बोंबील, एका अंगाने काळे पडलेले.

"करपलं गो."

"आसू दे," गुणाबाई म्हणाली. पहिला घास तिने फार वेळ चघळला. समोर गढूळ समुद्र होता आणि वारा खरंच भन्नाट होता.

गाडीचा हॉर्न वाजला. परत वाजला. देवजी पळत आला. "गुणा, ऊठ! गाडी!"

"जेवते ती," आतून धोंडीबाई गरजली. "गाडीला सांग थांबाला!"

आणि गाडी थांबली. कंडक्टरला आता अंगठ्याचं काही वाटत नव्हतं. गुणाबाईने आणखी भात घेतला.

परतीच्या वाटेवर पनवेल येईपर्यंत देवजीने कसाबसा धीर धरला. "मंग? पटली ना चव?"

"पटली."

"सांगत नव्हतो!" देवजी म्हणाला आणि घरापर्यंत खूश होता.

श्रावण गेला, गणपती गेले. भादव्यात गुणाबाईला ताप भरला आणि ती अंथरुणाला खिळली. तिसऱ्या दिवशी देवजी नाइलाजाने चुलीपुढे बसला. डोळ्यांतून पाणी काढत त्याने भात शिजवला, मुरबाडच्या बाजारातले दोन सुके बोंबील मन लावून भाजले आणि बायकोला उठवून बसवलं. तिच्या हातावर पाणी घातलं. पुढ्यात ताट ठेवलं आणि हातात पळा घेऊन तोंडाकडे बघत बसला. वाळू समाचाराला आला होता, तोही थांबला.

गुणाबाईने सावकाश एक घास खाल्ला.

"बरं झालंय," ती म्हणाली.

देवजीचा चेहरा खुलला.

"पन धोंडीबाईची चव नाय." तिने उशीला पाठ टेकली आणि वाळूकडे वळली. "तुला सांगते वाळूभावजी, समोर दर्या. आपुन नुसतं बसायचं. बसल्या जागी ताट..."

देवजीने पळा खाली ठेवला. वाळू चपला शोधू लागला.